रिकामी गिरणी

जिल्ह्याच्या विकासाचं काम माझ्या हातात होतं तेव्हा माझा एकच सिद्धांत होता: विकास दिसला पाहिजे, आणि दिसण्याआधी तो ऐकू आला पाहिजे. मुंबईहून आलेला पाहुणा कागद वाचत नाही. तो गाडीतून उतरतो, यंत्राची घरघर ऐकतो, मान डोलावतो आणि जेवायला जातो. सगळ्या नोकरीत मी एवढंच शिकलो आणि त्यावरच वरच्या खुर्च्या मिळवल्या.

मेडशीकडच्या एका वस्तीवर मी बायकांच्या गटाला तुरीच्या डाळीची गिरणी मिळवून दिली होती. त्याआधी ती वस्ती दिवाळी झाली की घरांना कुलपं लावून ऊसतोडीला जायची. गिरणी आली आणि गटातल्या बाया गावात थांबल्या. गटाची अध्यक्ष पन्नाशीची, तोंडाने फटकळ बाई होती. तिची सून त्या वर्षी पहिल्यांदा हिवाळाभर घरी राहिली, नात शाळेत टिकली. गिरणी चालली तर गाव, नाही चालली तर पुन्हा कोयता, इतकं ते सरळ होतं. मला हे पक्कं ठाऊक होतं. भाषणात मी हेच तर सांगायचो.

तूर येते हिवाळ्याच्या शेवटी. पाहुणे मात्र बारा महिने येतात. भर पावसाळ्यात एकदा मुंबईच्या बड्या साहेबांचा ताफा यायचा होता आणि गिरणीत दाणा नव्हता. मी म्हणालो, तशीच चालवा. बाई म्हणाली, "रिकामं जातं फिरवू नाही, साहेब. घराले अवदसा येते."

मी चारचौघांत तिची रेवडी उडवली. अवदसा गिरणीत नाही, तुमच्या डोक्यात आहे, म्हणालो. माझे कर्मचारी हसले. त्यांना हसावंच लागायचं. तिने मुकाट्याने बटण दाबलं. पाहुणा खूश झाला, आणि मग ती रीतच पडली. गाडी फाट्यावर वळली की गिरणी सुरू. पाहुणा फाट्यावर सत्काराला दोन तास अडकला तर गिरणी दोन तास रिकामी फिरायची. बंद करू का, असं बाई दर वेळी फोनवर विचारायची. मी नको म्हणायचो.

पुढच्या हंगामात डाळीचा नुसता चुरा पडू लागला, लोकांच्या दाताखाली खडे येऊ लागले. शेतकरी तूर घेऊन वाशिमला जाऊ लागले. झिजलेल्या दगडांना छिन्नीने टाकी लावणारा तिथला मुसलमान मिस्त्री मी बोलावला, बापजाद्यांपासून हेच काम करणारा. त्याने गिरणी उघडली, दगडावरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "दाना नव्हता न मंधात, साहेब. दगडच दगडाले खाऊन राह्यला होता."

बाई समोर उभी होती. मी सांगितलं होतं, असं ती म्हणाली असती तर मला तिच्यावर ओरडता आलं असतं. ती खाली सांडलेला चुरा सुपात भरू लागली, याचाच मला राग आला.

नवे दगड मागवायला एक पत्र पुरलं असतं. पण त्यात आधीचे कशाने गेले ते लिहावं लागलं असतं. म्हणून मी दुसरंच पत्र लिहिलं: गट अकार्यक्षम, यंत्र दुसऱ्या गावास द्यावे. अनसिंगजवळच्या गटाला नव्या दगडांसकट गिरणी मंजूर झाली. ट्रकमध्ये यंत्र चढत असताना बाईने विचारलं, "आमचं काय चुकलं, साहेब?" मी घड्याळात पाहिलं. लाज वाटते ती आज. तेव्हा वाटली नव्हती, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतर ती, तिची सून आणि शाळेतली नात एकाच ट्रॅक्टरमध्ये बसून ऊसतोडीला गेल्या. हे मला मिस्त्रीने सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात अनसिंगजवळ उद्घाटन होतं. यंत्राला नवा रंग दिला होता, हार घातला होता. तूर अजून शेतात उभी होती. नव्या गटाची अध्यक्ष तरुण होती. तिने माझ्या पायांना हात लावला आणि हळूच विचारलं, "तूर नसली तरी चालवाची न, साहेब? मेडशीच्या बायांनं सांगितलं तुमाले तसंच लागते म्हनून."

पाहुण्यांची गाडी वळणावर दिसत होती. मी म्हणालो, "चालवा."