वीतभर सरकवलेली रेघ

स्वयंपाकघराच्या मधोमध आयलंड, म्हणजे चारी बाजूंनी मोकळा ओटा हवा, हा हट्ट बायकोचा. भिंतीकडं तोंड करून पोळ्या लाटण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. आता येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारत रांधायचं, असं तिचं म्हणणं.

जागा तिनंच आखली. मोठी परात कमरेला लावून ती फ्रिजपुढून चालली, मला मागून जायला लावलं आणि धक्का लागेना तिथं खडूनं रेघ मारली. फ्रिजचं दार उघडून पाहिलं, खाली बसून भाकरी थापायला जागा उरते का तेही पाहिलं. "रेघेच्या पलीकडं काही जायचं नाय," असं बजावून ती देवगाव रंगारीला माहेरी गेली.

मी ग्रॅनाइट आणायला गेलो. तिथल्या एका लादीत म्हैस होती. खोटं नाही सांगत. काळ्या दगडात करड्या नक्षीची, निवांत बसलेली, शिंगं-कानांसकट. लादी रेघेत बसवायची तर म्हशीचा मागचा भाग कापावा लागणार होता.

मी वाळूजच्या कारखान्यात तपासणीला आहे. केसभर फरक असला तरी माल परत पाठवतो. पण त्या दिवशी घरी येऊन ओल्या फडक्यानं रेघ पुसली आणि वीतभर फ्रिजकडं सरकवून नवी मारली. मग स्वतः चालून पाहिलं. पोट आत घेतलं, श्वास धरला. आरामात गेलो.

बायको परतली तोवर लादी बसली होती. ती फ्रिजकडं निघाली आणि कमरेत अडकली. खाली बघत म्हणाली, "माहेरी जास्तच खाल्लं वाटतं मी."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "हवापालट झाला की होतं तसं."

तिनं भात सोडला. मग चहातली साखर. पहाटे फिरायला जाऊ लागली. इकडं स्वयंपाकघरात एकेरी वाहतूक सुरू झाली. आत गेलेला माणूस उलट्या पावली बाहेर यायचा. फ्रिजचं दार हात जाईल एवढंच उघडायचं, त्यामुळं दूध चाचपून काढावं लागे. एकदा चहात ताक पडलं. आम्ही दोघांनी तो तसाच संपवला.

बायको वाळत गेली, ब्लाउज आत घ्यावे लागले, तरी कंबर अडकायचीच. "हाडंच रुंद झाली असतील माझी," ती म्हणाली. मी मान डोलावली. मान डोलावली हो मी.

मग पाचोडहून माझी आत्या आली. तिला भाकरी बसूनच थापता येते. ती परात घेऊन फ्रिज आणि आयलंडच्या मध्ये बसली आणि थापलेली भाकरी वर देऊ लागली. बायको पलीकडून तव्यावर टाकत होती. पीठ संपत आलं तेव्हा कळलं, आत्याला उठता येत नाही. कुशीवर वळायलाच जागा नव्हती.

"बापू, ह्यो चबुतरा तरी हलीव, नायतर मला तरी."

बायकोचे डोळे भरून आले. "आत्याबाई, चूक माझीच. जागा मीच आखली. अन् मी ही अशी जाड."

"तू जाड? पार चिपाड झालीस की पोरी. खा आधी."

बायकोनं अर्धीच भाकरी ताटात घेतली. अर्धी मोडून परत ठेवली. ते मला बघवेना.

"रेघ मी सरकवली," मी म्हणालो. "तू माहेरी होतीस तेव्हा."

"कशापायी?" खालून आत्या.

"लादी कापली असती तर म्हैस तुटली असती."

"कंची म्हैस?"

मी लादीवर बोट ठेवून दाखवली. बायकोनं वाकून बराच वेळ पाहिलं.

"ही म्हैस आहे?"

"हो."

"अन् मी भात सोडला."

तिनं परत ठेवलेली अर्धी उचलली, शेंगदाण्याच्या चटणीवर तेल ओतलं आणि खाल्ली. मग आणखी एक. माझ्याकडं न बघता.

"दगड कापणाऱ्याला फोन लावा," ती शेवटी म्हणाली. "पण आधी आत्याबाईंना उठवा."

मी हात पुढं केला. आत्यानं तो पिठाच्या हातानं बाजूला सारला.

"थांब रं. पीठ हाये अजून. पोरीचं पोट भरू दे, मग उठीव मला."