चिमीच्या स्वेटरचा रंग

छापखान्यात त्याला सगळे मास्तर म्हणत. त्याने कधी कुणाला शिकवलं नव्हतं, पण रंगावरून वाद पेटला की शेवटचा शब्द त्याचा. कुणी म्हणालं, "मास्तर, हा टोमॅटो कच्चा वाटतोय," की तो भिंग लावून कागदावरचे ठिपके पाही. मग म्हणे, "टोमॅटो पिकलेला आहे. तुझी गुलाबी शाई उपाशी आहे."

चित्रातले रंग सुटे करणं हेच त्याचं काम. आधी ते अंधाऱ्या खोलीत, कपाटाएवढ्या कॅमेऱ्याने चाले. एकाच चित्राचे रंगीत काचांमधून पुन्हापुन्हा फोटो काढायचे, दर शाईची फिल्म वेगळी. पुढे कॉम्प्युटर आला आणि तेच काम एका बटणावर होऊ लागलं. कॅमेरा भंगारात गेला, मास्तर गेला नाही. कुरकुर न करता तो नवं शिकला आणि निवृत्तीनंतर घरीच स्कॅनर मांडून लोकांचे जुने फोटो दुरुस्त करू लागला.

रविवारी मात्र तो ताईकडे जाई. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं. तिची आठवण आता उसवत चालली होती. चहा घेतला की नाही ते आठवत नसे. तिची एकुलती एक मुलगी चिमी लहानपणीच तापाने गेली, हेही कधी आठवे, कधी नाही. संध्याकाळी तर ती चिमीची वाट बघे. दाराला कडी दिसली की कासावीस होई, म्हणून भावोजी त्या वेळी कडी काढूनच ठेवत.

चिमीचा रंगीत फोटो एकच होता, फ्रेममध्ये लावलेला. दारात उभी, अंगात स्वेटर, एक दात पडलेला. समोरच्या खिडकीतल्या उन्हात वर्षानुवर्षं राहून तो सगळाच विटकरी झाला होता.

"छोट्या, हिच्या स्वेटरचा रंग कुठला रे?" एका रविवारी ताईने विचारलं. "मी विणला होता. टाके आठवतात, रंग नाही आठवत."

"लाल होता," भावोजी म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. जन्मात कधी स्वतःच्या मोज्यांचा जोड जुळला नाही तुमचा!" भावोजी हसले. ती हसली नाही. "छोट्या, तू रंगातला माणूस. टाकेही विसरायच्या आत मला सांग."

"एवढंच ना? सांगतो की," तो म्हणाला. त्याला खरंच ते एवढंसंच वाटलं होतं.

घरी येऊन त्याने फोटो स्कॅन केला आणि रंगांचे तिन्ही चॅनल वेगळे केले. लाल, हिरवा, निळा. दर चॅनल म्हणजे एक काळंपांढरं चित्र, आणि तिन्ही एकावर एक ठेवली की रंग तयार होतो. हिरव्यात चिमी लख्ख होती, पडलेल्या दातासकट. निळ्यात डाग होते, पण चिमी होती. दोन्हींत स्वेटर सारखाच गडद. आता लाल चॅनलने सांगायचं. त्यातही स्वेटर तितकाच गडद निघाला तर तो करडा, जास्त गडद निघाला तर मोरपंखी, फिका निघाला तर लाल.

त्याने लाल चॅनल उघडला. पडदा जवळजवळ पांढरा होता. ना दार, ना चिमी, ना स्वेटर. उन्हाने फोटोतली निळसर शाई खाल्ली होती, आणि लाल चॅनलला सांगता येईल ते सगळं त्या शाईतच होतं. त्याने उजेड कमी केला, फरक ताणून पाहिला. धुरकट कणांपलीकडे काही आलं नाही. गेलेला रंग पुसट झालेला नव्हता, तो नव्हताच.

मग त्याला फ्रेमची कड आठवली. तिच्याखाली ऊन पोचत नाही! त्याने घाईने फोटो पुन्हा हातात घेतला. वरच्या कडेला दाराची चौकट खरोखरच हिरवीगार राहिली होती. स्वेटरची किनार खालच्या कडेला. तिथे मात्र फोटो कात्रीने वेडावाकडा, इतका आखूड कापलेला होता की फ्रेमखाली काही राहिलंच नव्हतं.

त्याने भावोजींना फोन लावला.

"फ्रेम लहान होती, म्हणून मीच कापला," ते म्हणाले. "का हो? काही महत्त्वाचं होतं का तिथे?"

"नाही, सहज विचारलं."

सगळ्यात बोचत होतं ते वेगळंच. तो स्वेटर त्याने स्वतः पाहिला होता. चिमीला खांद्यावर घेऊन फिरवलं होतं, तिच्या बाहीला नाक पुसू नकोस म्हणून दटावलं होतं. कुठल्या साबणाच्या डब्यावर पिवळा किती टक्के होता, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. स्वेटर काही केल्या डोळ्यांपुढे येईना.

पुढच्या रविवारी तो तीन फोटो घेऊन गेला. एकात स्वेटर लाल, एकात करडा, एकात मोरपंखी. नजरेस पडलं तर ताईलाच ओळख पटेल, एवढीच आशा उरली होती.

ताईने मोरपंखी उचलला. "हाच!" तिचा चेहरा उजळला. मग तिने लाल उचलला. "हाच की रे." करडाही बराच वेळ हातात धरला. "हासुद्धा." तिचा आवाज बारीक झाला. "यातला खरा कुठला, छोट्या?"

एक शब्द बोललं की झालं, असं भावोजींनी डोळ्यांनी खुणावलं. मोरपंखी म्हण, तिला आवडलाय. शब्द मास्तरच्या ओठांपर्यंत आला. पण रंगाच्या बाबतीत तो कधी अंदाजाने बोलला नव्हता, आणि ताईने त्याला तेवढ्यासाठीच विचारलं होतं.

"माहीत नाही, ताई."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. लहानपणी तो पडून आला की पाहायची, तशीच. मग तिने तिन्ही फोटो नीट एकावर एक ठेवले.

"असू दे. तोंड नको पाडूस," ती म्हणाली. "तिलाच विचारू. येईलच आता शाळेतून."

मास्तरने फोटोंवरचा तिचा हात धरला. भावोजी उठले आणि दाराची कडी काढून आले.