नाही आलं

"मुंडी नका हलवू बाबूजी, तोंडानं सांगा." पार्सल ऑफिसच्या खिडकीशी आल्यावर मास्तरांचं पहिलं वाक्य हेच. मग उजव्या कानामागे पंजा धरून ते माझ्या ओठांकडे बघत राहायचे.

साहेबाच्या राज्यातली ही गोष्ट. बुऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनात मी पार्सलबाबू होतो. खिडकीच्या आत बसलेल्याला बाहेरचा प्रत्येक जण कटकट्या वाटतो. तुम्ही कधी ना कधी अशा खिडकीबाहेर ताटकळला असाल, तर आमची जात तुम्हाला ठाऊकच आहे.

मास्तर गावात शनवारा भागातल्या शाळेत शिकवायचे. कान पार गेलेले. कलकत्त्याच्या एका दुकानातून त्यांनी कानाला लावायचा पितळी भोंगा मागवला होता. पंधरा दिवसांत यायचा, तो महिना उलटला, दुसराही सरत आला. शाळा सुटली की मास्तर पायी लालबागला हजर.

एकदा मी खच्चून ओरडलो, "नाही आलं!" त्यांच्या कानात शेवटचं तेवढं शिरलं. "आलं? आलं का?" म्हणत त्यांनी पिशवीतून धुतलेलं फडकं काढलं, भोंगा गुंडाळून न्यायला. रांगेतली माणसं पोट धरून हसली. मीही हसलो. मग मी दोन्ही हात हलवले, तेव्हा मास्तरांनी ते फडकं पुन्हा नीट घडी घालून पिशवीत ठेवलं.

एके दिवशी वैतागून मी चिठ्ठीवर लिहिलं, 'एवढी घाई कसली?'

"आमच्या घरची आजारी आहे," मास्तर म्हणाले. "छातीचं दुखणं. आवाज पुरा बसला. मला बघून रोज काहीतरी सांगते, तेच तेच. ओठ हलतात, समजत काही नाही. शेजारीण आली की गप होते. लिहून दे म्हणावं, तर तिला अक्षर येत नाही." मग म्हणाले, "गावाची पोरं शिकवली बाबूजी. घरात राहून गेलं."

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटून कुठे पार्सल हलतं? बंगालातल्या बेऱ्हामपूरचा माल चुकून आमच्या बुऱ्हाणपूरला यायचा, आमचा तिकडे जायचा; इंग्रजीत दोन-तीन अक्षरांचा काय तो फरक. मला ही शंका पहिल्याच आठवड्यात आली होती. एक पत्र टाकायचं काम. पण कापसाच्या गाठींचा मोसम होता, आणि बहिऱ्या मास्तराची तक्रार वर ऐकणार कोण! 'चौकशी चालू आहे' असं मी त्यांना दोनदा लिहून दिलं. चौकशीचा कागद माझ्या खणात कोराच पडला होता. सांगताना आजही लाज वाटते.

पत्र मी टाकलं ते तिसऱ्या महिन्यात. बेऱ्हामपूरहून उत्तर आलं: पार्सल इथल्याच गोदामात आहे, कुणी न्यायला आलं नाही, पाठवत आहोत.

ते लालबागला उतरलं त्याच्या नऊ दिवस आधी मास्तरांची बायको गेली होती.

मी निरोप धाडला. तेरावं आटोपून मास्तर आले. डोकं भादरलेलं, पिशवी नाही. त्यांनी पेटी उघडली, भोंगा कानाला लावला आणि दुसरं तोंड खिडकीतून आत सरकवलं.

"बोला."

मी साध्या आवाजात म्हणालो, "मास्तर, पार्सल कुठे गेलं असेल ते मला माहीत होतं. मी पत्रच टाकलं नाही."

शब्द न् शब्द पोचला.

"तुमचा आवाज चांगला आहे," ते म्हणाले. "मला वाटायचं, तुम्ही ओरडूनच बोलता."

मग भोंगा त्यांनी पेटीत ठेवला, सुतळी बांधली आणि पेटी माझ्याकडे सरकवली. "दुकानाला वापस पाठवून द्या."

त्यानंतर मास्तर त्या खिडकीशी कधी आले नाहीत. मी कलकत्त्याचा पत्ता ठळक अक्षरात लिहिला, तीनदा वाचून पाहिला आणि पहिल्याच गाडीनं पार्सल रवाना केलं.