‘मले’ म्हटलं तर चूक द्यायची का?

हिंगणघाटच्या एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. चर्चासत्रासाठी शोधनिबंध द्यायचा होता. विषय आपल्या भागातला हवा, आणि नुसती माहिती नको, बाजू घेऊन वाद घालायचा, अशी अट होती. मी वडनेरची. शाळेत ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हटलं म्हणून शिक्षा म्हणून उभी केलेली पोरं मी पाहिली होती. त्यामुळे माझी बाजू ठरायला वेळ लागला नाही: पहिली-दुसरीतल्या मुलानं वर्गात ‘मले पाणी पायजे’ म्हटलं, तर शिक्षकानं वाक्य सुधारत बसू नये, पाणी द्यावं.

माझे मार्गदर्शक मूळचे पश्चिम महाराष्ट्रातले. त्यांना विषय फारच आवडला. “तुमची वऱ्हाडी किती गोड आहे हो,” म्हणाले. गोड म्हटलेलं मला का टोचलं, ते तेव्हा कळलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या कौतुकाकडे मी जरा तिरक्या नजरेनं पाहू लागले.

अल्लीपूरकडच्या एका शाळेत गेले. तिथले सर उत्साही निघाले. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं, तशी त्यांची गाडी सुटली. “बरोब्बर विषय घेतला मॅडम तुमी. पोट्टं घरी बोलबोल बोलते अन् शाळेत आलं का मुकं होते. मी तं त्याह्यच्याच भाषेत शिकवतो. काऊन नाई शिकवाचं?”

मला हवं होतं तेच, अगदी हव्या त्या शब्दांत. मग त्यांनी वर्ग दाखवला. एक मुलगी उठून म्हणाली, “सर, मले नाई समजलं.” सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाले, “बस बेटा, पुन्हा सांगतो.” ती मुलगी मात्र बसेपर्यंत सरांच्या हाताकडे बघत होती. मी नसते तर काय झालं असतं, हा प्रश्न घेऊनच मी बाहेर पडले.

पालकांची बाजू हवी म्हणून त्याच शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षबाईंकडे गेले. वय माझ्याएवढंच, बी. ए. झालेली. दारातून आत गेलं की समोर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली मुलांच्या शाळेच्या बॅगा. तिनं चहा दिला आणि मोबाइल समोर ठेवताच वर्तमानपत्रासारखं बोलू लागली. “शिक्षणाचा दर्जा उंचावला पाहिजे, असं आमचं मत आहे.” प्रत्येक उत्तर एका वाक्याचं. शेवटी म्हणाली, “तो मोबाइल बंद करता का?”

मी बंद केला. तो खरंच बंद झाला का, ते तिनं वाकून पाहिलं.

“आता सांगजा. हे काऊन करून राह्यल्या तुमी?”

“शोधनिबंध आहे. चर्चासत्रात वाचायचाय.”

“थे समजलं. पन कोनाले पायजे हे? सरकारले? का तुमच्या सायबाले?”

“मलाच हवंय.”

“तुमची पोरगी कोन्या शाळेत जाते?”

मी सांगितलं, हिंगणघाटला, इंग्रजी माध्यमाच्या.

ती हसली नाही. कप उचलून बाजूला ठेवला. “माहे बाबा तहसीलात बाबू होते. नवीन नवीन लागले तवा साहेब पयले बोलनं आयकत, मंग कागद पाहत. बोलन्यावरून मोहल्ला ओळखू येत होता. बाबानं घरात आमाले ‘मला-तुला’ बोलाले लावलं. चुकलं का जेवता जेवता थांबवत. आमी तीन भावंडं त्याच्यावर पुढं गेलो. आता तुमी येऊन म्हनता का पोरायचं ‘मले’ चालू द्या. तुमच्या पोरीच्या शाळेत सांगतलं का असं?”

“मी शुद्ध भाषा शिकवू नका असं म्हणत नाही...”

“तुमी म्हनत नाई. पन मास्तर तसंच धरतीन. त्याह्यले शिकवाचा तरास कमी.”

मला राग आला. ही बाई मला शाळा बुडवणाऱ्यांतली समजत होती. पण तिचं म्हणणं लिहू का, असं विचारल्यावर तिनं चटकन हो म्हटलं. “लिवजा. पन छापाच्या आधी दाखवजा. भरोसा नाई म्हनून सांगून राह्यली.”

निबंध लिहून झाला. तिची हरकत मी एका परिच्छेदात मांडली आणि पुढच्या दोन पानांत खोडून काढली. छापील प्रत घेऊन पुन्हा गेले. तिनं ओसरीत बसून सगळा वाचला, मधली पानं पुन्हा वाचली. मग शुद्ध मराठीत म्हणाली, “सरांचं बोलणं तुम्ही व्यवस्थित लिहिलंय. माझंच तेवढं ‘करून राह्यल्या’ ठेवलंत. सर माझ्यापेक्षा जास्त वऱ्हाडी बोलतात, साऱ्या गावाला माहीत आहे.”

मी तिच्या हातातून पानं घेतली. खरं होतं. सरांचं प्रत्येक वाक्य मी लिहिताना सरळ केलं होतं. ते माझ्या बाजूनं बोलत होते, म्हणून त्यांचं वजन राहावं, असं हातालाच वाटलं असावं.

“आता दोघांचं बोललो तसं लिहा,” ती म्हणाली, “नाहीतर दोघांचं शुद्ध.”

मी तशीच शाळेत गेले. सरांना पान दाखवून विचारलं, “सर, तुम्ही बोललात तसंच छापू का?”

सरांनी आधी दाराकडे पाहिलं. “नाई नाई मॅडम. केंद्रप्रमुख वाचतीन, अधिकारी वाचतीन. मास्तर असा बोलते म्हनतीन. तुमी केलं तसंच राहू द्या.”

“पण सर, मुलांनी बोललं तर चालतं म्हणता...”

“लेकरायची गोष्ट वेगळी.” मग एकाएकी त्यांची भाषा बदलली. “हे तुमच्या डोक्यात कोणी घातलं? अध्यक्षबाईंनी?”

मी नाव घेतलं नाही. ते मला फाटकापर्यंत सोडायला आले नाहीत.

निबंध मी जवळजवळ नव्यानं लिहिला. दोघांचंही बोलणं शुद्ध केलं. दावा बदलला: अधिकाऱ्यांसमोर ‘मले’ म्हणायला शिक्षक स्वतः कचरत असेल, तर मुलांच्या ‘मले’ला वर्गात जागा देण्याबद्दल पालकांना संशय वाटणं रास्त आहे, आधी ती जागा मोठ्यांच्या सभेत व्हावी. मार्गदर्शकांचा फोन आला. “बाई, युक्तिवाद ढिला झाला की. ती पालकांची शंका एका परिच्छेदात उरका. आणि त्या बाईंचं वऱ्हाडी का काढलंत? त्यानंच तर रंगत होती.”

त्यांचं ‘गोड’ का टोचलं होतं, ते आता कळलं. मी म्हटलं, “निबंध असाच राहील, सर.” चर्चासत्रात तो वाचला. टाळ्या बेताच्या पडल्या. प्रश्न एकच आला, तोही संदर्भसूचीबद्दल.

हे आठवून लिहायला घेतलं तेव्हा सरांना फोन केला. ते आता निवृत्त झालेत. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहू का, विचारलं. “लिवजा ना मॅडम. आता कोन पाहते आपल्याले?”

मग अध्यक्षबाईंना फोन केला. आता ती कुठल्या समितीवर नाही, मुलगा नागपूरला शिकतो. तिला सांगितलं, सर हो म्हणाले.

“सर हो म्हनले? खरंच?” ती म्हणाली. “थांबजा. मी इचारते त्याह्यले.”

तिनं खरंच विचारलं. संध्याकाळी तिचा फोन आला, “खरंच हो म्हनले. आता दोघायचं बोललो तसंच लिवजा.” मग मी पुढे लिहिलं.