भिंतीला थापलेला बर्फ

ओनुफ्री बाराणिकने आयुष्यात कधी कारागीर बोलावला नाही. ट्रॅक्टर, पंप, छप्पर, एकदा तर स्वतःची दाढसुद्धा, सगळं त्याने आपल्या हातानेच बसवलं किंवा उपटलं. कॅनडातल्या सास्काचेवानच्या माळावर, जिथे जवळचं घरही नजरेच्या टप्प्यात नाही, तिथे ही खोड खपून जायची. कॅनोरा गावात लहानथोर त्याला वुयको म्हणत. वुयको म्हणजे युक्रेनी भाषेत मामा. पण त्यात ‘याच्याशी वाद घालू नका’ एवढं जास्तीचं धरलेलं असे.

त्या दुपारी तळघरातली, घर तापवणारी भट्टी मामाशी वाद घालत होती.

आधी तिच्या पोटातला लहान पंखा घरघरायचा, मग भप्पकन ज्योत पेटायची. जमिनीतल्या जाळ्यांमधून ऊब वर येतेय न येतेय तोच, खट्. सगळं गप्प. थोड्या वेळाने पुन्हा घरघर, पुन्हा भप्प, पुन्हा खट्. बाहेर हिमवादळ, पारा उणे पस्तिसाच्या खाली, रस्ता सकाळीच बंद झालेला. आणि वरच्या खोलीत तेक्ला, त्याची बायको, न्यूमोनियातून उठून नुकतीच घरी आलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, छातीला गारठा लागता कामा नये. दुखणं उलटलं तर तिला न्यायचं कसं, हा प्रश्न ओनुफ्री मनातसुद्धा पुरता उच्चारत नव्हता.

“काय रे, झालं का?” रजयांच्या ढिगाऱ्यातून आवाज आला.

“होतंय.”

“मघाशीही होतच होतं.” मग खोकला. तो थांबेपर्यंत ओनुफ्री जिन्यावरच उभा राहिला.

बिछान्याशी विजेची लहान शेगडी होती, पण तिची ऊब गुडघ्याच्या वर चढत नव्हती. भिंतीवरचा तापमानाचा काटा मात्र इमानदारीने उतरत होता.

त्याने भट्टीचा फिल्टर काढून पाहिला. स्वच्छ. घरातल्या सगळ्या जाळ्या उघड्या आहेत ना ते पाहिलं. उघड्या. ज्योत ओळखणारी बारीक कांडी बाहेर काढून तारेच्या घासणीने घासली, परत बसवली. घरघर, भप्प. त्याने श्वास रोखला. खट्.

“ही तुमची नवी भट्टी!” तो पत्र्यावर बुक्की मारून ओरडला. पानगळीच्या दिवसांत मुलीने हट्टाने जुनी काढून ही बसवून घेतली होती. कारागीर आले तेव्हा मामा रुसून गोठ्यात जाऊन बसला होता, ते गेल्यावरच बाहेर आला.

“तिला शिव्या घालू नकोस, ती बसवणाऱ्या लेसला फोन कर,” तेक्ला म्हणाली.

“त्या पोराला काय कळतंय?”

“ओनुफ्री, माझी बोटं गार पडलीत.”

ती कुरकुरली असती तर त्याने दुर्लक्ष केलं असतं. ती हळू बोलली. त्याने फोन उचलला.

लेस गावात अडकलेला होता. त्याने भट्टी कशी वागते ते नीट ऐकून घेतलं. “वुयको, भिंतीतून बाहेर काढलेले दोन पांढरे पाइप मोकळे आहेत का?”

“कुठले पाइप?”

“उत्तरेच्या भिंतीला, गुडघाभर उंचीवर. एकातून ती हवा ओढते, दुसऱ्यातून धूर सोडते. जुनीसारखी धुराड्यातून नाही. कोंडली की पेटते आणि आपली आपण विझते.”

आदल्या दिवशी, वादळ येणार म्हणून, ओनुफ्रीने उत्तरेच्या भिंतीला खिडकीच्या चौकटीपर्यंत बर्फ थापला होता. त्याचा बाप तसंच करायचा, आजाही तसंच करायचा. बर्फाची गोधडी लावली की वारा आत शिरत नाही. फावड्याच्या पाठीने चोपून चोपून त्याने ती पक्की केली होती आणि वर स्वतःचं कौतुकही करून घेतलं होतं.

“वुयको? ऐकताय ना? आधी भट्टी बंद करा. धूर घरात शिरला तर थंडीने मरायची वाट पाहावी लागणार नाही. वाऱ्याकडे नसलेली एक खिडकी थोडी उघडा.”

“उणे पस्तिसात खिडकी?”

“वुयको!”

त्याने भट्टी बंद केली. स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडली, तेक्लावर घरातला शेवटचा कोट टाकला आणि वादळात वाट चुकू नये म्हणून दाराला अडकवलेला दोर कमरेला बांधून बाहेर पडला. भिंत हाताने चाचपत गेला, कारण डोळे उघडले की पापण्या चिकटत होत्या. काल चोपलेला बर्फ आज दगड झाला होता. आपल्याच कामाचा पक्केपणा त्याच्या खांद्यात भरून येत होता. फावड्याने पाइप फुटेल म्हणून शेवटचा थर गुडघ्यावर बसून हातमोज्यांनी उकरला. एक पांढरं तोंड सापडलं, मग दुसरं. आतून बर्फाची गच्च गुडदी निघाली.

आत येऊन त्याने खिडकी लावली, भट्टी सुरू केली. घरघर. भप्प. तो तळघरात कोट न काढताच उभा. ज्योत टिकली. मोठा पंखा सुरू झाला. ज्योत अजून टिकून होती.

“काय झालं होतं?” वरून आवाज.

“बर्फ अडकला होता. वाऱ्याने.”

“वारा फावडं घेऊन आला होता वाटतं. काल खिडकीतून पाहिला मी त्याला, तुझीच टोपी घालून आलेला.”

तो वर येऊन तिचे पाय हातांत घेऊन चोळत बसला. काटा एकेक घर चढत होता. तिचा खोकला सुटा झाला, मग ती झोपली.

आणि खट्. भट्टी बंद पडली. ओनुफ्री ताडकन उठून भिंतीकडे धावला. काटा ठरवून ठेवलेल्या खुणेला टेकला होता. घर तापलं होतं, म्हणून ती थांबली होती.