नाकातला गोळा आणि आमचं वारं

माझी थोरली बहीण रादोय्का लेस्कोवात्सच्या एका शाळेत स्वयंपाकीण आहे. सहा वर्षं तिची डावी नाकपुडी बंद होती. जेवताना दम लागायचा, उशीवर रक्ताचे डाग पडायचे. आणि आमच्या अख्ख्या गावाचं निदान एकच: प्रोमाया! म्हणजे समोरासमोरच्या खिडक्यांतून आरपार जाणारं वारं. आमच्याकडे दात दुखला तरी तेच, तोंड वाकडं झालं तरी तेच.

तिची सासू स्तामेंका भर जुलैत खिडक्या लावून घ्यायची. "ओल्या केसांनी दारात उभी राहायचीस ना? मग भोग आता!"

सासूचं सोडा, गावातला डॉक्टरही म्हणे, "वाऱ्यात बसू नका." एवढी बुकं शिकून! एकदा त्याने नाकातला गोळा काढला आणि तपासायला न पाठवता फेकून दिला. वर्षभरात तो पुन्हा वाढला. आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

शेवटी निश शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी गोळ्याचा तुकडा तपासायला पाठवला. "वाऱ्याचा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "नाकात एक प्रकारचं प्रथिन साचतंय, अमायलॉइड. फार क्वचित होतं. कॅन्सर नाही. पण हृदयात, मूत्रपिंडातही साचलं असेल तर अवघड आहे."

पुढच्या तपासण्यांचे तीन आठवडे रादोय्काच्या गळ्याखाली घास उतरला नाही. निघालं ते नाकापुरतंच. ऑपरेशन झालं. परत वाढू शकतं म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचं ठरलं.

घरी आणल्यावर तिने सगळ्यात आधी खिडकी उघडली. सासूने धावत येऊन ती लावली.

माझा तोल गेला. "मावशी, सहा वर्षं जीव घेतलात पोरीचा! अजून अक्कल येत नाही?"

म्हातारी रडायला लागली. रादोय्का हळूच म्हणाली, "त्यांच्यावर कशाला ओरडतेस, झागोर्का? डॉक्टरीणबाईंनी वाऱ्याचा संबंध नाही म्हणून सांगितलं, त्याच दिवशी परतताना बसमध्ये मी खिडकी उघडली होती. मला गुदमरायला होत होतं. ती कोणी लावली?"

मी लावली होती.