बाबांनी नरसय्याकाकांना दिलेला चेंडू

माझे बाबा आयुष्यभर घाबरून जगले.

आज त्यांना जाऊन तीस वर्षं झाली. हे मी कधी कुठे लिहिलं नाही. पण ज्यांना वाईट वाटेल असं आता कुणी उरलेलं नाही.

मी कॉन्व्हेंटमध्ये असताना शाळा सुटल्यावर आम्ही मैत्रिणी गेटबाहेर घोळका करून कुजबुजत असू. बाबा सायकलवरून न्यायला येत आणि दुरूनच ओरडत, लांब लांब उभ्या राहा.

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यामागचं कारण मला त्यांच्या शेवटच्या आजारपणात कळलं. मी त्यांना चमच्याने ताक पाजत होते, आणि ते एकदम फुटबॉलविषयी बोलायला लागले.

सोलापुरात बाबांच्या शाळेत एक तरुण अमेरिकन सर आले होते. तिकडे कॉलेजात ते जो फुटबॉल खेळायचे, तोच त्यांनी मॅट्रिकच्या मुलांना शिकवला. पायापेक्षा हातात जास्त खेळायचा. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता.

अकरा मुलांची टीम. बाबा कॅप्टन. सगळ्यांत जोरात पळणारा नरसय्या, विणकराचा मुलगा. घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी.

अख्ख्या सीझनमध्ये समोर खेळायला दुसरी टीमच नाही!

मग हे सगळे रेल्वेने कुर्डुवाडीला गेले. तिथल्या वर्कशॉपच्या पोरांना सकाळी नियम शिकवले आणि दुपारी त्यांच्याकडूनच हरून आले. हे सांगताना बाबा हसले होते.

परतीची मॅच सोलापुरात व्हायची होती.

आणि मे महिन्यात गावात मार्शल लॉ लागला. साल एकोणीसशे तीस.

रस्त्यात सैनिक. चार माणसं एकत्र दिसली की धरत. अमेरिकन सर उन्हाळ्यामुळे महाबळेश्वरला गेलेले. मॅचचं काय करायचं ते ठरवायला सहा मुलं भर दुपारी शाळेमागच्या मैदानात जमली. चेंडूही आणला होता.

आणि सवयीने त्यांनी हडल केलं.

म्हणजे गोल करून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, डोक्याला डोकं लावून कुजबुजायचं. सरांनी शिकवलेलं होतं, डाव ठरवताना समोरच्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

रस्त्यावरून लष्कराची लॉरी चालली होती. ती थांबली आणि सैनिकांनी मुलांना घेरून झडती घेतली.

बाबांच्या खिशात सरांची वही सापडली. पानोपानी फुल्या, गोळे आणि बाण. कुणी कुठून घुसायचं, कुणी कुणाला अडवायचं.

चेंडूला तर कुणी हात लावेना. शेवटी एका हवालदाराने तो काठीने ढकलत ढकलत नेला आणि पाण्याच्या बादलीत बुडवला. बाँब विझावा म्हणून.

मला हसू आलं. बाबांना नाही आलं.

सगळ्या मुलांना लष्कराच्या एका आवारात नेलं. गोऱ्या अधिकाऱ्याने वही उघडली, एका पानावर बोट ठेवलं. हवालदाराने मराठीत सांगितलं, साहेब म्हणतात खेळ आहे तर खेळून दाखवा. हाच डाव. खोटं निघालं तर सगळे आत.

बाबांनी पान पाहिलं. त्या डावात एक खेळाडू चेंडू घेऊन उजवीकडून सरळ पळत सुटतो. आवाराच्या उजवीकडे फाटक होतं. फाटकात दोन बंदूकवाले.

कैद्याने फाटकाकडे धाव घेतली तर ते काय करणार?

आणि पळणारी ती फुली बाबांची होती. कॅप्टनची.

"कागदावर सगळ्या फुल्या सारख्याच गं," बाबा मला म्हणाले. "कुठली कुणाची, ते फक्त आम्हाला ठाऊक."

मुलांनी पुन्हा हडल केलं, सगळ्यांच्या देखत. बाबांनी डाव बदलला.

"नरसय्या, तू पळ."

एवढंच म्हणाले. मुलं पांगून आपापल्या जागी उभी राहिली.

बादलीतून काढलेला चेंडू बाबांच्या हातात आला. त्यांनी तो नरसय्याकडे दिला आणि डोळे मिटून घेतले. पळणारी पावलं ऐकू आली, बंदुकांचे खटके ऐकू आले.

मग काहीच नाही.

डोळे उघडले तेव्हा नरसय्या फाटकाच्या अलीकडे चेंडूवर पालथा पडला होता. गोळी लागली नव्हती. स्वतःहून पडला होता, सर शिकवायचे तसा, चेंडू पोटाशी धरून.

अधिकारी हसला. मुलांना सोडून दिलं. वही आणि चेंडू ठेवून घेतले. ती टीम पुन्हा कधी खेळली नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं बाबा नरसय्याकाकांची वाट चुकवत राहिले. माझं लग्न ठरलं तेव्हा मात्र पत्रिका द्यायला त्यांच्या घरी गेले आणि मागाच्या खडखडाटात सगळं सांगून टाकलं. तो डाव माझा होता. मी घाबरलो. मी तुला पुढे केलं.

काकांनी माग थांबवला.

"तू कुटं पुढं केलास? मीच चेंडू वडून घेतला की. वल्ला चेंडू, तुजं हात लई कापत हुतं. तुज्या हातनं पडला असता तर बाम टाकला म्हणून समद्यास्नीच घातल्या असत्या गोळ्या."

बाबा म्हणाले, अरे, पण तू पळ असं मी म्हणालो होतो.

"ते मला ऐकूच आलं न्हाई," काका म्हणाले, आणि माग पुन्हा सुरू केला.

ताक तसंच राहिलं होतं. मी बाबांना म्हटलं, बघा, त्यांनी स्वतःच घेतला. तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत.

बाबांनी चमचा बाजूला सारला.

"डोक्याला डोकं लागलं होतं गं आमचं," ते म्हणाले. "ऐकू कसं येणार नाही?"

बाबा, नरसय्याकाका, तुम्हा दोघांना माझा नमस्कार.